बारा माणसांचं घर आणि सकाळचे तीन तास : कोरेगाव तालुक्यातल्या एका नकाशाचं प्रकरण

सातारा जिल्ह्यातल्या कोरेगाव तालुक्यातलं हे कुटुंब. आलं, ऊस आणि घेवडा ही पिकं, दावणीला चार म्हशी. जुनं घर दगडमातीचं, वर पत्रा. पश्चिमेची भिंत फुगत फुगत इतकी आली की तिच्याकडेला मुलांना झोपवायची भीती वाटायला लागली, तेव्हा नवं घर बांधायचं ठरलं. गावठाणालगत चार गुंठे जागा होती : 66 फूट बाय 66 फूट, पूर्वेला रस्ता. कुटुंबाची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. मापं आणि निर्णय होते तसेच ठेवले आहेत.

कायम राहणारी माणसं बारा. ऐंशी ओलांडलेल्या आजी. थोरले आबा आणि त्यांच्या मंडळी, ज्यांना सगळं घर मोठी काकू म्हणतं. आबांचा लग्न झालेला मुलगा, सूनबाई, त्यांची दोन लहान मुलं. आबांचा धाकटा मुलगा, चोवीस वर्षांचा, लग्नाचा. मधले तात्या आणि धाकटी काकू, त्यांची बारावीतली मुलगी आणि आठवीतला मुलगा. तिसरे बंधू पुण्यात नोकरीला. ते चौघं गणपतीला, दिवाळीला आणि उन्हाळ्यात येतात, म्हणजे सोळा. गावच्या यात्रेला तीस-पस्तीस माणूस मुक्कामाला असतं. बजेट 50 लाखांच्या आत, त्यातला तिसरा हिस्सा पुण्याच्या भावाचा.

मी घरांचे नकाशे करते. तात्यांनी माझ्याकडे येताना तालुक्यातून एक नकाशा काढून आणला होता. मधोमध 20 बाय 18 चा हॉल, चार कोपऱ्यांत चार बेडरूम, प्रत्येकीला जोडून संडास-बाथरूम, मागे 10 बाय 10 चं किचन. असा नकाशा आज खेडोपाडी सर्रास दिसतो. चौकोनी कुटुंबाला तो चालतो. इथे त्यात अडचण अशी की हॉल हा बसायचा उरतच नाही, तो नुसता रस्ता होतो. चार बेडरूमची चार दारं, किचनचं पाचवं, बाहेरचं सहावं. पाहुणा सोफ्यावर बसला की सूनबाईंना ओले केस घेऊन त्याच्यासमोरून जावं लागणार.

मी खोल्यांची यादी मागितली नाही. बारावीतल्या मुलीला वहीचं एक पान दिलं आणि सांगितलं की सकाळी पाचपासून आठपर्यंत कोण कुठे असतं ते आठवडाभर लिहून काढ. मोठ्या कुटुंबाच्या घराचा नकाशा या पानावरून निघतो असं माझं ठाम मत आहे. रात्री सगळे आपापल्या अंथरुणात असतात. घर अपुरं पडतं ते सकाळी, जेव्हा एकाच दारातून तिघांना एकाच वेळी जायचं असतं.

पोरीने पान फार बारकाईने भरलं. पाचला मोठी काकू बंब पेटवते. सव्वापाचला धाकटा दादा धार काढायला जातो आणि सहाला दूध डेअरीत. सहा ते साडेसात अंघोळी. सात-दहाची एसटी तिची स्वतःची, साडेसातला लहानांची व्हॅन, आठच्या आत रानातल्या न्याहारीची भाकरी बांधून तयार. साडेसहा ते सातच्या रकान्यात तिने लिहिलं होतं : ‘न्हाणीत आई. संडासात तात्या. बाहेर पाच जण. आजी परत झोपली.’ शेवटच्या तीन शब्दांबद्दल मी विचारलं तेव्हा कळलं की आजींना रांगेत उभं राहवत नाही, म्हणून त्या उठलेल्या असूनही सगळे जाईपर्यंत अंथरुणावर पडून राहतात. ऐंशी वर्षांच्या बाईने पोट दाबून पडून राहावं, ही गोष्ट मला सहन झाली नाही. नकाशाची सुरुवात मी तिथून केली.

न्हाणी, संडास आणि तोंड धुवायची जागा

चार बेडरूमला चार जोडलेली बाथरूम म्हणजे भरपूर सोय, असं वाटतं. हिशोब केला की फोड कळते. संडास, अंघोळ आणि बेसिन एकाच दाराआड असलं की आत एक माणूस गेला म्हणजे तिन्ही गोष्टी अडल्या. चार बाथरूममध्ये एका वेळी चारच माणसं. तीच तिन्ही कामं सुटी केली, म्हणजे चार संडास, चार न्हाण्या आणि बाहेर नळांची ओळ, तर खर्चात फारसा फरक न पडता एका वेळी बारा जणांचं काम होतं. लांबट पन्हाळी आणि वर चार नळ, असं पूर्वी शाळांतून आणि वसतिगृहांतून असायचं. दात घासणाऱ्या माणसाला दाराची गरज नसते.

म्हणून घराच्या मागे, पश्चिमेला 14 बाय 9 फुटांचा एक गट केला : दोन संडास, दोन न्हाण्या. त्याच्या डोक्यावर, वरच्या मजल्यावर, तसाच दुसरा. एकावर एक आल्यामुळे सगळे पाइप एकाच बाजूने उतरतात, आणि कुठल्याही खोलीच्या छताला ओल येण्याचा प्रश्न राहत नाही. शिवाय एप्रिल-मेचं तिसऱ्या प्रहरानंतरचं ऊन या गटाच्या भिंती खातात, आतल्या खोल्यांपर्यंत ते पोचत नाही. गटाच्या उत्तरेच्या भिंतीला नऊ फुटी कडाप्प्याची पन्हाळी, चार नळ, एक नळ बुटका, लहान पोरांसाठी.

पाण्याचा हिशोब यात्रेचा धरला. जलजीवन मिशनचं मानक माणशी रोज 55 लिटर. गावच्या नळाला पाणी सकाळी तासभर. पस्तीस माणसं आणि तीन दिवस असं धरून सुमारे 5,800 लिटर होतात; हात सैल ठेवून जमिनीत 12 बाय 6 बाय 5 फुटांची टाकी घेतली, सुमारे 10,000 लिटरची. जनावरांचं पाणी विहिरीवरून येतं, ते यात नाही.

आजींच्या खोलीला मात्र जोडून संडास दिला, पाच बाय सात, उत्तरेला भिंतीबाहेर काढून. दार तीन फुटांचं आणि बाहेर उघडणारं, कारण आत कोणी पडलं तर आत उघडणारं दार त्या माणसाच्या अंगावरच अडतं. उंबरा नाही. कमोडशेजारी भिंतीत पक्का दांडा. गुळगुळीत टाइल नको, खरखरीत फरशी.

घराचा कणा

घर 40 फूट रुंद आणि 46 फूट खोल धरलं. रस्त्याकडून आत जाताना चार पट्टे लागतात.

पहिला नऊ फुटांचा, सोपा म्हणजे पुढची ओसरी. ईशान्येच्या कोपऱ्यात देवघर, बाकी सगळा उघडा, लोखंडी गजांची जाळी आणि बसायला दगडी कट्टा. शेतावरचा गडी, डेअरीचा माणूस, औषध दुकानदार, मत मागायला आलेले पुढारी, सगळ्यांचं काम इथेच उरकतं. सोपा आठ फुटांपेक्षा अरुंद झाला की कट्ट्यावर बसलेल्यांच्या गुडघ्यांना अडखळत जावं लागतं, म्हणून नऊ.

दुसरा पट्टा चौदा फुटांचा. उत्तरेला आजींची खोली 12 बाय 14, मध्ये माजघर 16 बाय 14, दक्षिणेला आबांची खोली 12 बाय 14. राष्ट्रीय इमारत संहिता घरातल्या एका तरी राहत्या खोलीला किमान साडेनऊ चौरस मीटर मागते, म्हणजे 102 चौरस फूट. आमच्या खोल्या 168 च्या आहेत, पण याहून मोठ्या मी मुद्दाम केल्या नाहीत. खोली मोठी केली की त्यात आणखी एक कपाट येतं, माणूस येत नाही.

तिसऱ्या पट्ट्यात उत्तरेकडून स्वयंपाकघर 16 बाय 14, मग चार फुटांचा बोळ, आठ फुटांत जिना, दक्षिणेला धान्याची कोठी 12 बाय 14. चौथ्यात मागची नऊ फुटी पडवी, तो न्हाण्यांचा गट, आणि नैर्ऋत्येला अवजारांची जागा.

सोप्याचं दार, माजघर, बोळ आणि मागचं दार सरळ एका ओळीत आहेत. आपल्याकडे वारा वर्षातला बराच काळ पश्चिमेचा. मागचं दार उघडलं की तो घरभर फिरतो. माजघर मात्र चारी बाजूंनी वेढलेलं, म्हणजे अंधारं व्हायची भीती. वाड्यात हे काम चौक करतो. चार गुंठ्यांत आणि पन्नास लाखांत चौक बसत नव्हता, म्हणून जिन्याची जागा दोन्ही मजले उघडी ठेवली आणि वर गच्चीला लागून तिन्ही बाजूंनी काचेच्या आणि जाळीच्या खिडक्या घेतल्या. दिवसा माजघरात दिवा लागत नाही, आणि तापलेली हवा तिथून वर निघून जाते.

वास्तूचं तात्यांना फार होतं. स्वयंपाकघर आग्नेयेला हवं, हा त्यांचा आग्रह. आग्नेय म्हणजे रस्त्याकडचा कोपरा. पाहुण्यांच्या समोर भांडी पडणार आणि सांडपाणी अख्खं घर ओलांडून मागे न्यावं लागणार. आग्नेय जमत नसेल तर वायव्य चालते, असं वास्तू मानणारेच सांगतात. ते त्यांनी त्यांच्या माणसाकडून विचारून घेतलं आणि विषय मिटला. मी वास्तूवर वाद घालत नाही. ज्यांना त्या घरात निजायचं आहे त्यांच्या मनाला टोचणी राहू नये, एवढं मी पाहते.

भाकरीचा ओटा

स्वयंपाकघरात मी जुन्या घरातली एक पूर्ण सकाळ बसून काढली. तिघी बायका. मोठी काकू खाली पाटावर, पुढ्यात पीठ मळायची काटवट, डावीकडे चूल; धाकटी काकू गॅसपाशी उभी राहून कालवण आणि डबे; सूनबाई पाणी, दूध, लहानांची तयारी यांत आत-बाहेर. बारा माणसांच्या दोन्ही वेळच्या भाकऱ्या म्हणजे तीस-चाळीस कुठे जातात कळत नाही. मोठ्या काकूंचे गुडघे आता खाली बसू देत नाहीत. नवीन घरात त्या उभ्या राहूनच करणार, हे तात्यांच्या नकाशात गृहीत होतं. ओटा मात्र नेहमीचा, 33 इंचांचा.

भाकरी थापताना तळहाताला वरून जोर द्यावा लागतो. 33 इंचांच्या ओट्यावर पाच फुटांच्या बाईला त्यासाठी खांदे उचलावे लागतात, आणि दहाव्या भाकरीला मान भरून येते. आम्ही विटा रचून, त्यावर फरशी ठेवून वेगवेगळ्या उंचीला मोठ्या काकूंना प्रत्यक्ष थापायला लावलं. त्यांनी 28 इंचांवर हात थांबवला. म्हणून ओट्याचा चार फुटांचा तुकडा 28 इंचांवर, काटवट मावेल असा अडीच फूट खोल, आणि त्याच्या लगत तवा ठेवायची शेगडी त्याच बेताने खाली. बाकीचा ओटा 33 वरच, कारण सूनबाई उंच आहेत. तिघी तीन भिंतींकडे, मध्ये साडेपाच फूट मोकळी जागा. एक वाकली तर दुसरीला मागून जाता येतं.

चूल त्यांना हवीच होती, यात्रेच्या मटणाला आणि पुरणाला. ती पडवीत उत्तरेच्या टोकाला बसवली, पश्चिमेकडून सात फूट उंच भिंत घातली आणि धुराडं स्लॅबच्या वर काढलं. ती भिंत नसती तर वाऱ्याने सगळा धूर थेट स्वयंपाकघरात गेला असता.

जेवणाची गोष्ट बारावीतल्या मुलीने काढली. आधी गडीमाणसं आणि पोरं, मग बायका स्वयंपाकघरात उरलेल्या जागेत, बऱ्याचदा गार झालेलं. ती म्हणाली, “मॅडम, सगळ्यांना एकदम बसता येईल एवढी जागा करा, मग मी बघते.” माजघराच्या 16 फुटी भिंतीला आठ पाट लागतात, दोन बाजूंच्या भिंतींना मिळून आणखी सहा-सात. म्हणून माजघरात सोफा ठेवायचा नाही, दारं भिंतीच्या टोकाला सरकवायची, टीव्ही सोप्याच्या भिंतीवर उंच लावायचा, असं ठरलं. दारं एक-दीड फूट इकडेतिकडे झाल्याने पंगतीत दोन पाट वाढतात. नकाशात हे दिसत नाही, पाट मांडून पाहावे लागतात.

वरचा मजला आणि कुलूप

वर चार खोल्या. दुसऱ्या पट्ट्यावर तीन : उत्तरेला तात्या-काकू, दक्षिणेला सूनबाईंचं बिऱ्हाड, मध्ये 16 बाय 14 ची मोठी खोली दोघा मुलग्यांना आणि आल्यागेल्याला. चौथी, 12 बाय 14 ची, स्वयंपाकघराच्या डोक्यावर.

चौथी खोली कोणाची, यावर गाडी अडली. पुण्याच्या भावाने तिसरा हिस्सा घातलेला. त्यांची स्वतःची खोली हवी, हे रास्त होतं. पण वर्षातले दहा-अकरा महिने एक खोली कुलपात, आणि बारावीची पोरगी जिन्याखाली अभ्यास करते, हे चित्र कोणत्याही घरात धुसफूस लावतं. दोन्ही बाजू आबांना सांगत होत्या, एकमेकांना सांगत नव्हत्या. मी पुण्याच्या वहिनींशी वेगळं बोलले. त्यांना खोलीची मालकी नकोच होती. त्यांना आतून कडी लागणारं दार, जवळ कमोडचा संडास आणि त्यांच्या गाद्या-चादरी ठेवायला कुलपाचं कपाट हवं होतं. एवढंच. खोलीत सात फुटी भिंतीतलं कपाट केलं, किल्ली वहिनींकडे, खोली एरवी पुतणीची. खोलीला कुणाचंही नाव दिलं नाही; सगळे तिला ‘मागची खोली’ म्हणतात.

याच खोलीवरून दुसरा, अवघड प्रसंग झाला. मी नकाशात तिथे पाण्याची लाइन आणि सांडपाण्याचा पाइप खालच्या स्वयंपाकघराच्या पाइपला जोडून दाखवला होता. आबांनी विचारलं, हे कशाला? मी सरळ सांगितलं की उद्या कधी दुसरं स्वयंपाकघर लागलं तर स्लॅब फोडावा लागू नये म्हणून. आबा उठून उभे राहिले. “मॅडम, आम्ही घर बांधायला निघालोय, वाटण्या करायला नाही.”

बैठक तिथेच मोडली असती. आजी आतून बोलल्या. त्यांचं लग्न झालं तेव्हा जुन्या घरात तीन जावांच्या तीन चुली होत्या, सोपा एक आणि दावण एक. “पाइप घाल म्हणावं तिला. तुझ्या बापाच्या भावाची चूल कुठं होती ते इसरलास व्हय?” आबा खाली बसले. पाइप राहिला, तोंडाला झाकण लावून, भिंतीच्या आत. असली तरतूद चोरून ठेवणारे इंजिनिअर मी पाहिले आहेत. नंतर ते उघडकीला आलं की घरातल्या सगळ्यांचा एकमेकांवर संशय येतो. ती सगळ्यांसमोर सांगूनच ठेवली पाहिजे, मग बैठक मोडली तरी चालेल.

बांधकाम थोडक्यात

जमीन काळी. ओली झाली की फुगते, वाळली की भेगाळते, म्हणून पाया काळ्या थराखाली मुरुमापर्यंत नेला आणि घराभोवती तीन फुटांचा कोबा केला. जुन्या घराचा घडीव दगड प्लिंथच्या, म्हणजे जोत्याच्या, दर्शनी भागाला वापरला. प्लिंथ दोन फूट उंच. उताराला एकास बाराचं प्रमाण धरलं तर आजींच्या चाकाच्या खुर्चीसाठी 24 फूट लांब रॅम्प लागतो. समोर एवढी जागा नव्हती, म्हणून तो दक्षिणेच्या मोकळ्या पट्ट्यातून, ट्रॅक्टर लावतात तिथून, सोप्याच्या टोकाला आणला. दोन्ही मजले मिळून बांधकाम साधारण 2,800 चौरस फूट झालं. फॉल्स सीलिंग, दर्शनी भागाचे खांब आणि जिन्याचं स्टीलचं रेलिंग वगळलं. त्या पैशांत न्हाण्यांचा दुसरा गट बसला.

राहायला गेल्यावर

आजींची पूर्वेची खिडकी जमिनीपासून दीड फुटावर आहे. पलंगावर पडल्या पडल्या त्यांना रस्ता दिसतो. पाठची छोटी झडपेची खिडकी स्वयंपाकघरात उघडते, तिथून त्या मिठाचा अंदाज सांगतात. सकाळी रांगेसाठी पडून राहणं संपलं.

पंगत एकदम बसते, पण रोज नाही. रविवारी आणि सणाला सगळे एकत्र, एरवी जो तो आपल्या वेळेला. बायका मात्र आता मागे राहत नाहीत, कारण माजघरात जागा असताना स्वयंपाकघरात बसायला मुलगी तयारच होत नाही. वरच्या खोल्या एप्रिलमध्ये तापल्या. पुढच्या उन्हाळ्याआधी गच्चीवर पांढऱ्या चिनी मातीच्या तुकड्यांचा थर दिला, त्याने बराच फरक पडला. कोठीत ज्वारीची पोती पूर्वीइतकी नसतात, आता तिथे आल्याचं बेणं ठेवतात. उत्तर-दक्षिण झरोके होते म्हणून ते टिकतं. मागच्या खोलीतल्या पाइपचं झाकण अजून उघडलेलं नाही.

सध्या धाकट्या मुलाचं लग्न ठरतंय, आणि वरच्या मोठ्या खोलीचं काय करायचं हा प्रश्न घरात चालू आहे. ती बांधताना तिला दोन दारं, दोन खिडक्या आणि मधोमध खालून बीम दिलेला आहे. साडेचार इंची भिंत घातली की जवळपास आठ बाय चौदाच्या दोन खोल्या होतात. आबांचं म्हणणं, नव्या जोडप्याला अख्खी खोली द्यावी आणि तात्यांच्या मुलाने सोप्यात झोपावं. सूनबाईंचं म्हणणं, आठ फूट रुंदीत पलंग घातल्यावर चालायला जागा राहत नाही, त्यापेक्षा नव्या जोडप्याला मागची खोली द्यावी, पोरगी तोवर हॉस्टेलवर गेलेली असेल. पुण्याच्या वहिनींना अजून कोणी विचारलेलं नाही. तो फोन आधी करा, एवढंच मी तात्यांना सांगितलं आहे.